दातातील आसंजक बंध आणि विकरे : एका उशिरा लक्षात आलेल्या कारणाचा इतिहास

प्रास्ताविक

किडलेला भाग कोरून काढणे आणि त्या जागी दुसरा पदार्थ भरणे हा दंतवैद्यकातील सर्वांत नित्याचा उपचार होय. आपल्याकडील वडीलधारी मंडळी आजही ‘दातात चांदी भरून घेतली’ असे म्हणतात. ही चांदी म्हणजे चांदी, कथील व तांबे यांचे चूर्ण पाऱ्यात कालवून केलेले अमाल्गम होय. अमाल्गम दाताला चिकटत नाही. दंतवैद्याने कोरलेल्या खाचेच्या आकारामुळे ते अडकून राहते आणि कडेला हळूहळू साचणारी गंजद्रव्ये मधली बारीक फट बुजवतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच्या जोडीला, आणि पुढे बऱ्याच अंशी त्याच्या जागी, दाताच्याच रंगाचे रेझिन-संमिश्र आले. हा पदार्थ मात्र चिकटवावा लागतो. त्यामुळे ‘भरण किती वर्षे टिकेल?’ या जुन्या प्रश्नाचे रूपांतर ‘चिकटलेला बंध किती वर्षे टिकेल?’ या नव्या प्रश्नात झाले.

या प्रश्नाचे महत्त्व केवळ दंतवैद्यांपुरते मर्यादित नाही. भरण सुटले किंवा त्याच्या कडेने पुन्हा कीड लागली, की जुने भरण काढून नवे भरावे लागते. प्रत्येक वेळी दाताचा थोडा अधिक भाग कोरला जातो आणि खाच मोठी होते. भरणाची काही आवर्तने झाल्यानंतर मुळाचा उपचार करावा लागतो किंवा दात काढावा लागतो. बंधाचे आयुष्य हे अशा प्रकारे दाताच्याच आयुष्याशी निगडित आहे.

बंध निकामी का होतो याची कारणे संशोधकांनी दीर्घकाळ बाहेर शोधली. पाणी, लाळ, जिवाणू, चावण्याचा ताण आणि दंतवैद्याचे हातकौशल्य ही ती कारणे होत. दाताच्या आतच निद्रिस्त असलेली विकरे, म्हणजे एन्झाइम, बंधाचा पाया पोखरतात, ही गोष्ट प्रयोगाने पुढे आली ती २००४ मध्ये. ती समजून घेण्यासाठी लागणारे मूलभूत जीवरासायनिक ज्ञान मात्र १९६२ पासून उपलब्ध होते. या चार दशकांच्या अंतराचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखकाच्या मते या विलंबाचे कारण साधनांच्या अभावापेक्षा अभ्यासशाखांमधील अंतरात आणि मोजमापाच्या सवयीत अधिक सापडते.

एनॅमलवरील यश

या इतिहासाचा आरंभ बहुधा १९५५ पासून सांगितला जातो. त्या वर्षी अमेरिकेतील रॉचेस्टर येथील मायकेल ब्युओनोकोर यांनी एक छोटेखानी शोधनिबंध प्रसिद्ध केला. धातूच्या पृष्ठभागावर रंग नीट बसावा म्हणून उद्योगांत त्यावर फॉस्फोरिक आम्लाची प्रक्रिया करीत असत. तीच युक्ती ब्युओनोकोर यांनी दातावर वापरून पाहिली. ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल ३० सेकंद लावल्यानंतर एनॅमलवर ॲक्रिलिक रेझिन पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक काळ चिकटून राहते, असे त्यांना दिसले. १९६२ मध्ये राफेल बोवेन यांनी बिस-जीएमए या रेझिनचे एकस्व मिळवले आणि आधुनिक संमिश्रांचा पाया घातला गेला.

एनॅमलवर हे तंत्र यशस्वी होण्यामागील कारण सोपे आहे. एनॅमल वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते. आम्लाने त्याच्या पृष्ठभागावर सूक्ष्म छिद्रे पडतात, त्यांत पातळ रेझिन शिरते आणि तेथेच घट्ट होते. या व्यवहारात पाण्याचा किंवा प्रथिनांचा संबंध फारसा येत नाही. म्हणूनच एनॅमलवरील बंध आजही सर्वांत भरवशाचा मानला जातो.

तथापि, किडलेला दात कोरला असता खाचेचा बराचसा भाग एनॅमलखालच्या डेंटिनमध्ये असतो. डेंटिनची घडण अगदी वेगळी आहे. वजनाने सुमारे ७० टक्के खनिज, २० टक्के सेंद्रिय द्रव्य आणि १० टक्के पाणी, असे त्याचे स्थूल प्रमाण सांगितले जाते. सेंद्रिय द्रव्यापैकी सुमारे ९० टक्के भाग कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाचा असतो. शिवाय दंतमज्जेपासून निघालेल्या असंख्य सूक्ष्म नलिका डेंटिनमधून जातात आणि त्यांत द्रव असतो. थोडक्यात, डेंटिन ही ओलसर, सजीव उगमाची ऊती आहे. एनॅमलवर बसलेले गणित तिच्यावर जसेच्या तसे बसणे शक्य नव्हते.

डेंटिनला चिकटवण्याचा प्रयत्न ब्युओनोकोर यांच्याही आधी झाला होता, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. ऑस्कर हॅगर या स्विस रसायनतज्ज्ञांनी १९४९ च्या सुमारास ग्लिसेरोफॉस्फोरिक आम्लाच्या डायमेथॅक्रिलेटवर आधारित आसंजक तयार केले आणि ते ‘सेव्हरिटन कॅव्हिटी सील’ या नावाने बाजारात आले. क्रेमर व मॅक्लीन यांनी १९५२ मध्ये त्याचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास केला, तेव्हा भरणालगतच्या डेंटिनचा एक पट्टा वेगळ्या रीतीने रंग घेतो असे त्यांना आढळले. ज्या थराला पुढे तीस वर्षांनी नाव मिळाले, त्याचेच हे पहिले दर्शन होते.

संकर थराची कल्पना

डेंटिनवर आम्ल लावल्यास दंतमज्जेला इजा होईल ही भीती पाश्चात्त्य दंतवैद्यकात दीर्घकाळ होती. जपानमधील ताकाओ फुसायामा यांनी ती बाजूला सारून १९७९ मध्ये एनॅमल व डेंटिन दोन्हींवर एकत्रच आम्ल वापरण्याची पद्धत मांडली. त्यानंतर १९८२ मध्ये नोबुओ नाकाबायाशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीत नेमके काय घडते याचे स्पष्टीकरण दिले. आम्लामुळे डेंटिनच्या वरच्या काही मायक्रोमीटरमधील खनिज निघून जाते आणि कोलॅजेनच्या तंतूंची जाळी उघडी पडते. रेझिनचे मोनोमर या जाळीत झिरपतात आणि तेथेच बहुलीकरण होऊन घट्ट होतात. अर्धे दाताचे व अर्धे रेझिनचे असे हे जे मिश्रण तयार होते, त्याला पुढे संकर थर हे नाव रूढ झाले.

ही कल्पना अतिशय समर्थ होती. पुढील दोन दशकांतील जवळजवळ सर्व सुधारणा तिच्यातूनच निघाल्या. आम्ल धुतल्यावर डेंटिन कोरडे केले तर कोलॅजेनची जाळी आकसते आणि रेझिनला वाट मिळत नाही. म्हणून १९९० च्या दशकाच्या आरंभी जॉन कांका यांनी डेंटिन ओलसर ठेवूनच आसंजक लावण्याचा पुरस्कार केला. जलस्नेही मोनोमर वापरात आले. सुरुवातीला काही थोडे मेगापास्कल एवढाच भरणारा डेंटिनवरील बंध या काळात २० मेगापास्कलच्या पुढे गेला.

मात्र या कल्पनेत एक गृहीतक दडलेले होते. कोलॅजेनची जाळी ही केवळ चौकट होय, रेझिनने भरावयाची एक निर्जीव सच्छिद्र जागा होय, असे सर्वांनी मानले. पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने ते स्वाभाविक होते, कारण पदार्थवैज्ञानिक सच्छिद्रता, पृष्ठताण, आर्द्रता आणि बहुलीकरणाचे प्रमाण पाहतो. ही जाळी एका सजीव ऊतीचा उरलेला भाग आहे आणि तिच्यासोबत आणखीही काही उरलेले असू शकते, हा विचार त्या चौकटीत सहज येणारा नव्हता.

मोजमापाच्या सवयीनेही याला हातभार लावला. नमुना तयार करावयाचा, ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात २४ तास ठेवावयाचा आणि नंतर ओढून तोडावयाचा, ही प्रयोगशाळांची रूढ रीत होती. तोडण्यास लागलेले बल हा त्या आसंजकाचा गुण ठरत असे. उत्पादक संस्था ‘चौथी पिढी’, ‘पाचवी पिढी’ अशी नावे देत एकामागून एक आसंजके बाजारात आणीत होत्या आणि प्रत्येक वेळी पायऱ्या कमी, वेळ कमी असे आश्वासन देत होत्या. पिढी हा शब्द प्रगतीचा आभास निर्माण करतो. प्रत्यक्षात टिकाऊपणाच्या कसोटीवर जुनी तीन पायऱ्यांची आसंजके अनेक सोप्या नव्या आसंजकांपेक्षा सरस ठरत आली. चोवीस तासांनंतरच्या आकड्यात हा फरक दिसत नसे, आणि जे दिसत नव्हते त्याचे कारण शोधण्याची निकडही कोणास भासत नव्हती.

हे चित्र बदलू लागले ते नव्या परीक्षणपद्धतींमुळे. जपानचे हिदेहिको सानो हे अमेरिकेतील ऑगस्टा येथे डेव्हिड पॅशली यांच्यासमवेत काम करीत होते. त्यांनी १९९४ मध्ये अत्यंत लहान क्षेत्रावरील बंध तोडून पाहण्याची सूक्ष्म-ताण चाचणी मांडली. त्यामुळे एकाच दातातून अनेक नमुने मिळू लागले. १९९५ मध्ये त्यांनीच दाखवले की जेथे कोणतीही फट दिसत नाही, अशा संकर थराच्या तळाशीही सिल्व्हर नायट्रेट झिरपते. याचा अर्थ असा, की आम्ल जितके खोल जाते तितके रेझिन जात नाही. तळाशी रेझिनविना उघडे, पाण्याने वेढलेले कोलॅजेनचे तंतू उरतात. पुढील घटनांचे रंगस्थळ हेच.

भैकेराची शेपटी आणि शेजारचा विभाग

आता दंतवैद्यकातून काही काळ बाहेर पडणे आवश्यक आहे. कोलॅजेन हे सहजासहजी न तुटणारे प्रथिन आहे. तीन साखळ्यांच्या पिळामुळे सामान्य पाचक विकरे त्याच्यावर फारसा परिणाम करू शकत नाहीत. मग भैकेराचे बेडकात रूपांतर होताना त्याची शेपटी नाहीशी कशी होते? जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांनी १९६२ मध्ये या प्रश्नाचे उत्तर दिले. भैकेराच्या शेपटीतील ऊतीचे तुकडे त्यांनी कोलॅजेनच्या जेलवर ठेवले. तुकड्यांभोवतीचे जेल विरघळून गेले. प्राण्याच्या स्वतःच्या पेशीच कोलॅजेन तोडणारे विकर निर्माण करतात, हे त्यातून प्रथमच सिद्ध झाले. हे विकर कोलॅजेनचा रेणू एका ठराविक ठिकाणी कापते आणि त्याचे तीन-चतुर्थांश व एक-चतुर्थांश असे दोन तुकडे करते. त्यानंतर पिळाची मजबुती जाते आणि इतर विकरांना वाट मोकळी होते.

या एका विकरातून पुढे एक संपूर्ण कुल उलगडले. मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज, संक्षेपाने एमएमपी, या कुलातील वीसहून अधिक विकरे मानवात आढळतात. त्यांच्या क्रियाशील केंद्रात जस्ताचा आयन असतो आणि ती अक्रिय पूर्वरूपात साठवली जातात. पूर्वरूपातील सिस्टीनचा एक घटक जस्ताला झाकून ठेवतो. तो दूर झाला की विकर जागे होते. १९९० मध्ये वर्णिल्या गेलेल्या या यंत्रणेला ‘सिस्टीन खटका’ असे म्हणतात. आम्लताही हा खटका दाबू शकते, ही बाब पुढे फार महत्त्वाची ठरली.

हे सारे बेडकांच्या अभ्यासकांपुरते मर्यादित राहिले असते तर दंतवैद्यकाला दोष देण्याचे कारण नव्हते. परंतु हिरड्यांच्या रोगांचे अभ्यासक या विकरांशी चांगलेच परिचित होते. लॉर्न गोलुब व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये दाखवले होते की टेट्रासायक्लीन वर्गातील औषध हिरड्यांतील कोलॅजेन तोडणारी क्रिया रोखते आणि ते जिवाणू मारण्याच्या गुणामुळे नव्हे. याच मार्गाने २० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लीनच्या गोळीला अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली. म्हणजे दंत महाविद्यालयाच्या एका विभागात रुग्णाला विकर रोखण्याचे औषध दिले जाऊ लागले होते, आणि त्याच व्हरांड्यातील दुसऱ्या विभागात भरण का सुटते याचे उत्तर केवळ रेझिनच्या रसायनात शोधले जात होते. विशेषीकरणाची ही किंमत बहुविद्याशाखीय नियतकालिकाच्या वाचकाला वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

कीड आणि विकरे यांचा संबंध फिनलंडमधील औलू येथील संशोधकांनी स्पष्ट केला. लिओ त्यॅडरहाने व सहकाऱ्यांच्या १९९८ च्या शोधनिबंधात किडलेल्या डेंटिनमध्ये यजमानाचीच, म्हणजे मानवी, एमएमपी विकरे आढळल्याचे दाखवले गेले. जिवाणूंनी निर्माण केलेल्या आम्लाने ही विकरे जागी होतात आणि लाळेमुळे आम्लता ओसरल्यानंतर ती कामाला लागतात. म्हणजे कीड लागताना खनिज विरघळवतात ते जिवाणू, पण उघड्या पडलेल्या कोलॅजेनचा नाश करण्यात मोठा वाटा आपल्याच विकरांचा असतो. सन २००० मध्ये निरोगी मानवी डेंटिनमध्येही एमएमपी-२ सापडले. त्याचा उगमही समजण्यासारखा आहे. दात घडत असताना ओडोन्टोब्लास्ट पेशी ही विकरे स्रवतात आणि खनिज साचू लागल्यावर ती त्यातच अडकून पडतात. हाड आयुष्यभर मोडत व घडत असते, डेंटिन तसे नसते. त्यामुळे बालपणी अडकलेली विकरे तेथे दशकानुदशके पडून राहतात.

येथे दोन्ही धागे एकमेकांच्या अगदी जवळ आले होते. कीड लागताना जे आम्ल करते, तेच भरण बसवताना दंतवैद्य स्वतः करतो. दोन्हींमध्ये खनिज जाते आणि कोलॅजेन उघडे पडते.

दुधाच्या दाढांची साक्ष

प्रत्यक्ष तोंडात बंध किती क्षीण होतो हे मोजणे अवघड होते, कारण भरलेला चांगला दात केवळ मोजमापासाठी काढणे नीतिसंमत नाही. होक्काइदो विद्यापीठातील मासानोरी हाशिमोतो व सहकाऱ्यांनी यावर मार्ग काढला. त्यांनी मुलांच्या दुधाच्या दाढांमधील भरणे निवडली, कारण हे दात कालांतराने पडणारच असतात. एक ते तीन वर्षे तोंडात राहिलेल्या या दाढा त्यांनी पडण्याच्या सुमारास मिळवल्या आणि त्यांतील बंध तोडून पाहिला. सन २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार आरंभीचे सुमारे २८ मेगापास्कलचे बल एक ते दोन वर्षांत सुमारे १५ वर आणि दोन ते तीन वर्षांत सुमारे ९ वर आले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली संकर थरातील रेझिन निघून गेलेले आणि कोलॅजेनचे तंतू जीर्ण झालेले दिसले. चोवीस तासांच्या आकड्यावर उभ्या राहिलेल्या विश्वासाला यापेक्षा स्पष्ट उत्तर मिळणे कठीण होते.

परंतु कारण कोणते? तोंडात पाणी, लाळ, जिवाणू व चर्वणाचा ताण हे सर्वच असते. ऱ्हास होतो एवढे सिद्ध झाले, पण तो घडवणारा कोण हे ठरले नाही. पाण्यामुळे रेझिनचे जलापघटन होते हे माहीत होते. कोलॅजेनचा नाशही त्याच प्रकारचा असावा, असे मानण्याकडे कल होता.

सन २००४ चा प्रयोग

याचे उत्तर देणारा शोधनिबंध पॅशली, ताय, यिऊ, हाशिमोतो, ब्रेस्की, कार्व्हालो आणि इतो यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केला. ऑगस्टा येथे काम करणारे पॅशली हे दंतवैद्यकाबरोबर शरीरक्रियाशास्त्रातही शिक्षण घेतलेले होते, ही बाब लेखकाला योगायोगापेक्षा अधिक वाटते. डेंटिन ही ऊती आहे या जाणिवेने त्यांनी आयुष्यभर काम केले.

प्रयोगाची रचना साधी आहे आणि तिचे तर्कशास्त्र कोणत्याही शाखेच्या अध्यापकाने वर्गात सांगावे इतके स्वच्छ आहे. आम्लाने कोरलेल्या मानवी डेंटिनचे नमुने जंतुविरहित स्थितीत ठेवले गेले. काही कृत्रिम लाळेत, काही विकररोधके घातलेल्या कृत्रिम लाळेत आणि काही खनिज तेलात. कालावधी होता २४ तास, ९० दिवस आणि २५० दिवस. अडीचशे दिवसांनी कृत्रिम लाळेतील नमुन्यांवरील कोलॅजेनचा थर जवळजवळ नाहीसा झाला होता. विकररोधकांतील व तेलातील नमुन्यांवर तो शिल्लक होता.

या तीन निरीक्षणांचा अर्थ एकत्रितपणे पाहावा लागतो. जिवाणू नव्हते आणि लाळ कृत्रिम होती, म्हणजे बाहेरून विकर येण्याची वाट बंद होती. तरीही कोलॅजेन नष्ट झाले. तेलात ते टिकले, म्हणजे या क्रियेला पाणी आवश्यक आहे. पण विकररोधकांच्या द्रावणातही पाणी होतेच आणि तेथे कोलॅजेन टिकले, म्हणजे केवळ पाणी पुरेसे नाही. उरते ते डेंटिनमधील स्वतःचे विकर. डेंटिनच्या चूर्णावरील स्वतंत्र चाचणीत कोलॅजेन तोडणारी मंद क्रिया आढळली आणि ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीनने ती थांबली.

यातील एक विरोधाभास नमूद केला पाहिजे. दंतवैद्य वापरतात ते ३५ टक्क्यांच्या आसपासचे फॉस्फोरिक आम्ल इतके तीव्र असते की ते विकरांपैकी काहींना जागे करण्याऐवजी निकामी करते. २००६ मध्ये अन्नालिसा माझ्झोनी व सहकाऱ्यांनी दाखवले की आम्लाने मंदावलेली ही क्रिया त्यावर लावलेल्या सौम्य आम्लधर्मी आसंजकामुळे पुन्हा वाढते. त्याच सुमारास सौम्य स्वयंकोरक आसंजकांबाबतही तसेच निष्कर्ष आले. म्हणजे बंध निर्माण करणारे द्रव्यच बंध तोडणाऱ्या विकराला जागे करीत होते.

क्लोरहेक्सिडीनची आशा

क्लोरहेक्सिडीन हे काही नवे औषध नव्हते. ब्रिटनमधील इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज या संस्थेने १९५० च्या दशकात ते जंतुनाशक म्हणून आणले आणि १९७० मध्ये हॅराल्ड लोए व शिऑट यांनी दातांवरील जिवाणूंचा थर रोखण्यासाठी चूळ भरण्याचे द्रावण म्हणून त्याची उपयुक्तता दाखवली. ते एमएमपी-२, ८ व ९ यांना रोखते हे १९९९ मध्ये कळले होते. प्रत्येक दंतचिकित्सालयात असलेली, स्वस्त आणि परिचित अशी ही बाटली एकाएकी बंधरक्षक ठरली.

ब्राझीलमधील जोसिमेरी हेब्लिंग यांच्या गटाने २००५ मध्ये मुलांच्या दुधाच्या दाढांत हा उपाय करून पाहिला. आम्ल धुतल्यानंतर क्लोरहेक्सिडीन लावलेल्या दातांत सहा महिन्यांनी संकर थर सुस्थितीत होता, न लावलेल्यांत तो झिजू लागला होता. मार्सेला कारिल्हो व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अक्कलदाढांवर असाच अभ्यास केला. चौदा महिन्यांनंतर क्लोरहेक्सिडीन लावलेल्या दातांतील बंधाचे बल टिकून होते, तर इतरांत ते घटले होते. २०१० मध्ये सिस्टीन कॅथेप्सिन हे विकरांचे दुसरे कुलही डेंटिन व दंतमज्जेत आढळल्याचे प्रसिद्ध झाले. पुढे तेही क्लोरहेक्सिडीनने रोखले जाते असे दिसून आले.

मात्र चिकित्सालयातील चाचण्यांचे निष्कर्ष एवढे उत्साहवर्धक नव्हते. प्रयोगशाळेत स्पष्ट दिसणारा फायदा रुग्णांच्या तोंडात, भरण टिकले की पडले या कसोटीवर, सातत्याने दिसून आला नाही. २०१३ नंतर झालेल्या पद्धतशीर आढाव्यांनी, क्लोरहेक्सिडीनमुळे भरणाचे आयुष्य वाढते असा निष्कर्ष काढण्याजोगा पुरावा नाही, असेच म्हटले. क्लोरहेक्सिडीन कोलॅजेनशी पक्क्या रासायनिक बंधाने जोडले जात नसल्याने हळूहळू निसटू शकते, हे एक स्पष्टीकरण दिले जाते. दुसरे कारण लेखकाला अधिक महत्त्वाचे वाटते. अशा बहुतेक चाचण्या हिरडीलगतच्या, कीड नसलेल्या झिजेवर होतात. तेथील डेंटिन अनेकदा कठीण झालेले असते आणि भरणाची एक कड एनॅमलवर असते. एनॅमलचा बंध चांगला असल्याने आतील डेंटिनचा बंध कमजोर झाला तरी भरण जागेवर राहते. भरण पडणे ही कसोटी येथे फार ढोबळ ठरते.

शंका आणि पर्याय

बेल्जियममधील ल्यूवेन येथील संशोधकांनी विकरांना दिलेल्या महत्त्वावरच प्रश्न उपस्थित केला. यान डे मुंक व सहकाऱ्यांना २००९ मध्ये असे आढळले की विकररोधकांचा लाभ आम्ल लावून धुण्याच्या पद्धतीत दिसतो, सौम्य स्वयंकोरक पद्धतीत दिसत नाही. त्यामागील कारण समजते. सौम्य आसंजक सर्व खनिज काढून टाकीत नाही. १०-एमडीपी हा मोनोमर, जो जपानी उत्पादकांनी १९८० च्या दशकापासून वापरला, उरलेल्या खनिजातील कॅल्शियमशी रासायनिक बंध करतो. कोलॅजेन पूर्णपणे उघडे पडत नाही, म्हणून त्यावर विकराचा घालाही तेवढा पडत नाही. या मताप्रमाणे विकराला रोखण्यापेक्षा त्याच्यासाठी दार न उघडणे श्रेयस्कर होय. लेखकाचा कल याच मताकडे आहे. तथापि विकर-सिद्धान्ताच्या पुरस्कर्त्यांनी कोलॅजेन उघडे पडते तेव्हा काय होते हे दाखवले नसते, तर ते उघडे न पाडण्याचे महत्त्वही इतक्या ठळकपणे कळले नसते.

दुसरा मार्ग कोलॅजेनलाच बळकट करण्याचा आहे. द्राक्षाच्या बियांतील प्रोॲन्थोसायनिडिन, तसेच अतिनील किरणांसह रिबोफ्लेविन, यांनी तंतूंमध्ये आडवे बंध निर्माण होतात आणि विकरांना कापण्याची जागा मिळेनाशी होते. प्रयोगशाळेत हे सिद्ध झाले आहे. पण कातडे कमावताना जे तासन्‌तास चालते ते खुर्चीत बसलेल्या रुग्णाच्या दातावर मिनिटभरात साधणे ही खरी अडचण आहे. शिवाय प्रोॲन्थोसायनिडिनने दातावर डाग पडतो.

रेझिनच्या बाजूनेही विकरांचा प्रश्न आहेच. टोरांटो येथील योआव फायनर व पॉल सँतेर यांनी लाळेतील एस्टरेज विकरे बिस-जीएमएमधील एस्टर बंध तोडतात असे दाखवले. किडीचा मुख्य जिवाणू स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हाही तशी क्रिया करतो, असे त्याच शहरातील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. संकर थर अशा रीतीने दोन्ही बाजूंनी पोखरला जातो. कोलॅजेन आतल्या विकरांनी, रेझिन बाहेरच्या विकरांनी.

अमाल्गममधील पाऱ्याचा वापर घटवणारा मिनामाता करार २०१३ मध्ये संमत झाला, भारताने तो २०१८ मध्ये स्वीकारला आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून अमाल्गमचा वापर अपवाद वगळता बंद केला. त्यामुळे न चिकटणारा पण टिकणारा पदार्थ मागे पडत असून, ज्याच्या बंधाचे आयुष्य अद्याप पुरते हाती आलेले नाही अशा पदार्थावर भार वाढत आहे. ॲलन विल्सन व ब्रायन केंट यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेला ग्लास आयोनोमर हा पर्याय डेंटिनमधील खनिजाशी थेट जुळतो आणि कोलॅजेन फारसे उघडे पाडीत नाही, परंतु चावण्याच्या पृष्ठभागावर तो झिजतो. रेझिनबाबतच्या बहुतेक नैदानिक चाचण्या दोन-तीन वर्षांत संपतात. चोवीस तासांची जुनी मर्यादा गेली असली तरी, आठव्या वर्षी भरलेल्या कायमच्या दाढेकडून रुग्ण किमान पन्नास वर्षांची अपेक्षा ठेवतो आणि तेवढ्या मुदतीची मोजपट्टी अद्याप कोणाजवळही नाही.